डिकीतल्या सामानाने पेटलेला वाद : ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपचा १९९४ चा गाजलेला सीझन

नवीन गाडी शोरूममधून घरी आणली की आपण एकदा तरी डिकी उघडून बघतो. स्टेपनी, जॅक, पाना, फार तर एखादा त्रिकोणी रिफ्लेक्टर. १९९४ साली अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीने काही गाड्यांच्या डिकीत आणखी एक वस्तू ठेवली होती. मागच्या स्पॉयलरला उंच करणारे जोडतुकडे. ज्याला हवे त्याने ते घरी बसवावेत, नको असतील त्याने डिकीतच राहू द्यावेत.

या जोडतुकड्यांनी ब्रिटनमधली सगळ्यात लोकप्रिय कार रेसिंग स्पर्धा जवळपास मोडीत काढली. आघाडीवर असलेला संघ ट्रक भरून मैदान सोडून गेला, जिंकलेल्या शर्यतींचे पॉइंट्स जाण्याची वेळ आली आणि पुढच्या वर्षी सगळ्या स्पर्धेचे नियम बदलावे लागले. त्याच सीझनमध्ये व्होल्वो कंपनी चक्क स्टेशन वॅगन घेऊन रेसिंगला उतरली होती. मागे सामान ठेवायला भली मोठी जागा असलेली, सहकुटुंब सहलीला जायची गाडी!

दोन्ही कंपन्यांनी नियमांचं पुस्तक एकच वाचलं होतं. अर्थ मात्र आपापल्या सोयीने लावला.

टूरिंग कार रेसिंग म्हणजे नेमकं काय?

फॉर्म्युला वनच्या गाड्या रेसिंगसाठीच जन्माला येतात. त्यातली एकही गाडी तुम्ही शोरूममध्ये जाऊन विकत घेऊ शकत नाही. टूरिंग कार रेसिंगचं उलट असतं. रस्त्यावर धावणारी, चार दरवाज्यांची, ऑफिसला जायची सेडान घ्यायची, आतल्या सीट आणि गालिचे काढून टाकायचे, लोखंडी नळ्यांचा सुरक्षा पिंजरा बसवायचा, इंजिन आणि सस्पेन्शनवर काम करायचं आणि ट्रॅकवर सोडायची. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ती शेजाऱ्याच्या दारात उभी असते तीच गाडी वाटली पाहिजे. सगळी मजा त्यातच आहे.

ब्रिटनमध्ये ही राष्ट्रीय स्पर्धा १९५८ पासून चालत आली आहे. पूर्वी लहान-मोठ्या इंजिनांच्या गाड्या वेगवेगळ्या गटांत पण एकाच शर्यतीत धावायच्या. त्यामुळे लहान गाडीचा ड्रायव्हर आपल्या गटात जिंकत जिंकत एकूण विजेता व्हायचा आणि टीव्हीवर शर्यत बघणाऱ्याला काहीच कळायचं नाही, की पुढे तर दुसराच होता! १९९१ पासून हा घोळ संपवला. सगळ्यांना एकच नियम. इंजिन दोन लिटरचं, मिनिटाला ८,५०० पेक्षा जास्त फेरे नाहीत, टर्बो नाही.

नियम सोपा झाल्यावर कंपन्यांची रांग लागली. दोन लिटरची सेडान तर प्रत्येकाकडेच होती. अ‍ॅलन गौ या ऑस्ट्रेलियन माणसाच्या नेतृत्वाखालच्या ‘टोका’ या आयोजक संस्थेने स्पर्धेचा व्यवसाय नीट बसवला. बीबीसीवर शर्यती दिसू लागल्या आणि कॉमेंट्रीला मरे वॉकर. फॉर्म्युला वन घराघरात पोहोचवणारा हा आवाज टूरिंग कारच्या धक्काबुक्कीत तर आणखीच रंगायचा. रविवारी शर्यत जिंका, सोमवारी गाडी विका, असा सरळ हिशोब होता. १९९४ साली बीएमडब्ल्यू, फोर्ड, व्हॉक्सहॉल, रेनो, टोयोटा, पूजो, निस्सान, माझदा असे सगळे एकाच ट्रॅकवर होते. त्यात अल्फा रोमिओ आणि व्होल्वोची भर पडली.

अडीच हजार गाड्यांची अट

रेसिंगसाठी कुणी भलतीच गाडी बनवून आणू नये म्हणून एक अट होती. रेसिंग कारचा बाहेरचा आकार, म्हणजे बंपर, स्पॉयलर, पत्रा, हा रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीसारखाच हवा. आणि ती रस्त्यावरची गाडी किमान २,५०० नगांमध्ये तयार झालेली हवी. या मान्यतेच्या प्रक्रियेला होमोलोगेशन म्हणतात.

अटीमागचा विचार साधा होता. रेसिंगसाठी खास मोठा पंख बनवायचा असेल तर तो २,५०० गिऱ्हाइकांच्याही गळ्यात मारावा लागेल. कुठलं गिऱ्हाईक किराणा आणायच्या गाडीवर विमानासारखा पंख लावून फिरेल? त्यामुळे कंपन्या आपोआप मर्यादेत राहतील, असा नियम करणाऱ्यांचा अंदाज होता.

अल्फा रोमिओने या अंदाजालाच बगल दिली. त्यांनी आपल्या १५५ या सेडानची एक खास आवृत्ती काढली आणि तिला इंग्लंडमधल्या प्रसिद्ध ट्रॅकचं नाव दिलं, ‘सिल्व्हरस्टोन’. पुढच्या बंपरखाली एक पट्टी होती, ती पुढे सरकवता यायची. मागे साधासा स्पॉयलर होता आणि तो उंच करायचे जोडतुकडे डिकीत. गिऱ्हाइकाला गाडी मिळायची ती साधी, सभ्य. रेसिंगच्या गाडीवर मात्र पट्टी पुढे आलेली आणि पंख वर चढलेला. सुटे भाग गाडीबरोबरच विकलेत, म्हणजे ते गाडीचाच भाग झाले, असा अल्फाचा युक्तिवाद. कागदावर मान्यताही मिळाली होती.

पंखाने असा काय फरक पडतो?

विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमान वर उचलतो. तोच पंख उलटा बसवला की हवा गाडीला खाली दाबते. गाडीचं वजन न वाढता टायर रस्त्याला घट्ट चिकटतात आणि वळणावर कमी ब्रेक लावून जास्त वेगाने जाता येतं. वेग जितका जास्त तितका हा दाब जास्त.

अल्फा १५५ ची ताकद पुढच्या चाकांना जायची. अशा गाडीत पुढच्या टायरांना गाडी ओढायची, वळवायची आणि ब्रेकचा मोठा भारही सोसायचा असतो. त्यांच्यावर जरा जरी दाब वाढला तरी ड्रायव्हरला मोठा आधार. पण नुसतं पुढे दाबलं तर वळणावर गाडीची शेपूट सुटते, म्हणून मागेही पंख हवाच. पुढची पट्टी आणि मागचा पंख ही जोडी होती. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता. हे लक्षात ठेवलं की पुढे जो वाद पेटला त्यात इंचा-दोन इंचांवरून माणसं का भांडत होती ते कळतं.

बाकीच्या गाड्या त्या वर्षी जवळपास सपाट होत्या. म्हणजे दहा कंपन्यांमध्ये एकच जण पंख लावून आला होता.

फॉर्म्युला वनमध्ये न चाललेला माणूस

अल्फाने ब्रिटनमध्ये दोन इटालियन ड्रायव्हर पाठवले, गॅब्रिएले टार्क्विनी आणि जाम्पिएरो सिमोनी. त्यातल्या टार्क्विनीची आधीची कहाणी ऐकली तर त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फॉर्म्युला वनमध्ये संघ इतके झाले होते की मूळ पात्रता फेरीच्याही आधी एक चाळणी फेरी घ्यावी लागायची. दुबळ्या संघांनी शुक्रवारी सकाळी एक तास धावायचं, त्यातले मोजके पुढे जाणार आणि बाकीच्यांनी शर्यतीच्या दोन दिवस आधीच सामान बांधायचं. ओसेला, कोलोनी, एजीएस, फोंडमेटल अशा गरीब संघांकडून धावणारा टार्क्विनी या चाळणीत तब्बल २५ वेळा अडकला. फॉर्म्युला वनच्या इतिहासात हा नकोसा विक्रम त्याच्याच नावावर आहे. सगळ्या कारकिर्दीत त्याला एकच पॉइंट मिळाला, १९८९ च्या मेक्सिको ग्रां प्रीत सहावा येऊन.

१९९४ मध्ये तो ३२ वर्षांचा होता. ब्रिटनमधले बहुतेक ट्रॅक त्याला नवे होते. अरुंद, चढउताराचे, कडेला लगेच गवत आणि मातीचे बांध.

एप्रिलच्या सुरुवातीला थ्रक्सटनला पहिली शर्यत झाली. जुन्या विमानतळावर बनलेला हा देशातला सगळ्यात वेगवान ट्रॅक, लांबलचक वेगवान वळणांचा. पंख असलेल्या गाडीला यापेक्षा चांगली सुरुवात मिळाली नसती. टार्क्विनी जिंकला. मग ब्रँड्स हॅच, स्नेटरटन, सिल्व्हरस्टोन. पहिल्या पाच शर्यती आणि पाचही वेळा पहिला टार्क्विनी. आदल्या वर्षीचा विजेता योआकिम विंकेलहॉक बीएमडब्ल्यूमध्ये होता, न्यूझीलंडचा पॉल रॅडिसिच फोर्ड मोंडिओमध्ये, स्कॉटलंडचा जॉन क्लिलंड व्हॉक्सहॉल कॅव्हेलियरमध्ये. सगळे मुरलेले. पण लाल अल्फा वळणावर ज्या वेगाने शिरायची, त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

ट्रक भरले आणि निघाले

विरोधी संघांची कुरबूर पहिल्याच शर्यतीपासून होती. आता ती लेखी तक्रारीपर्यंत गेली. त्यांचं म्हणणं होतं, गाडी कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे जशी जाते तशीच ट्रॅकवर यायला हवी. डिकीत ठेवलेली वस्तू म्हणजे गाडीवर बसवलेली वस्तू नव्हे. उद्या कुणी डिकीत आख्खं दुसरं इंजिन ठेवून म्हणेल, हेही गाडीचाच भाग आहे!

अल्फाचं म्हणणंही अगदीच पोकळ नव्हतं. नियमात जे लिहिलंय ते आम्ही केलं, मंजुरी घेतली, गाड्या विकल्या. तुम्हाला ही युक्ती सुचली नाही तर त्यात आमचा काय दोष?

मे अखेर औल्टन पार्कच्या शर्यतीला हा वाद फुटला. अधिकाऱ्यांनी अल्फाला सांगितलं की पट्टी आत आणि पंख खाली करूनच धावावं लागेल. आधी जिंकलेल्या पॉइंट्सवरही टांगती तलवार आली. अल्फाने ऐकून घेतलं, दोन्ही गाड्या ट्रकमध्ये चढवल्या आणि न धावता निघून गेले. चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यात पुढे असलेला ड्रायव्हर शर्यतीलाच नाही! प्रेक्षक तिकीट काढून आले होते आणि ज्यांना हरताना किंवा जिंकताना बघायचं तेच गायब.

या प्रसंगात सगळ्यांचीच पंचाईत होती. अल्फा खरोखर माघारी गेली तर आयोजकांच्या हातून एक मोठी कंपनी आणि तिचा पैसा जाणार. अल्फाचं ऐकलं तर बाकीचे नाराज होणार आणि तेही निघून जातील. आणि टार्क्विनी? त्याने तर नुसती दिलेली गाडी चालवली होती. त्याच्या हातात जिंकणारी गाडी आली होती आणि तिचा निकाल आता ट्रॅकवर नाही, बंद खोलीत लागणार होता.

अपिलं झाली, बैठका झाल्या आणि शेवटी मधला मार्ग निघाला. अल्फाने मिळवलेले पॉइंट्स शाबूत राहिले. पण सीझनच्या उत्तरार्धात पंख मिटून धावायचं. आणि १९९५ पासून पुढची पट्टी व मागचा पंख सगळ्यांनाच खुला.

पॉइंट्स शाबूत राहणं किती मोलाचं होतं ते आकड्यांत बघा. एका विजयाला २४ पॉइंट्स मिळायचे, म्हणजे पाच विजयांचे १२०. सीझनच्या शेवटी टार्क्विनीचे पॉइंट्स झाले २९८ आणि दुसऱ्या आलेल्या अलेन मेन्यूचे २२२. पहिले १२० वजा केले तर उरतात १७८. त्या बंद खोलीत निकाल उलटा लागला असता तर टार्क्विनीचं विजेतेपद गेलंच असतं.

पंख मिटल्यावर

अल्फा परतली तेव्हा बाकीचे गप्प बसलेले नव्हते. वाद घालता घालता त्यांनीही अल्फाचीच वही उघडली होती. बीएमडब्ल्यूने ३१८ ची स्पॉयलरवाली खास आवृत्ती २,५०० नगांत काढली. रेनोनेही लगूनासाठी नवे भाग आणले. रेनोचा स्विस ड्रायव्हर मेन्यू जोरात आला, विंकेलहॉक आणि रॅडिसिचही जिंकू लागले. सुरुवातीला एकतर्फी वाटणारी स्पर्धा उन्हाळ्यात चांगलीच रंगली.

स्कॉटलंडमधल्या नॉकहिलच्या चिमुकल्या ट्रॅकवर टार्क्विनीची गाडी धडकेनंतर उलटीपालटी झाली. तो सुखरूप बाहेर आला, गाडीचा मात्र चुराडा झाला. तरीही तो मागे हटला नाही. जिंकता येत नसेल तिथे दुसरा-तिसरा-चौथा येऊन पॉइंट्स गोळा करत राहिला. २१ शर्यतींच्या सीझनमध्ये आठ विजय घेऊन तो चॅम्पियन झाला. मेन्यू दुसरा, रॅडिसिच तिसरा, क्लिलंड चौथा.

‘पंखामुळे जिंकला’ असं तेव्हाही म्हटलं गेलं, अजूनही म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. सिमोनीकडेही तीच गाडी आणि तोच पंख होता.

आणि ती व्होल्वोची वॅगन

आता दुसऱ्या गमतीकडे वळू. व्होल्वो म्हणजे सुरक्षित, मजबूत, चौकोनी आणि कंटाळवाणी गाडी, अशी तेव्हा युरोपभर ख्याती होती. प्राध्यापक, डॉक्टर, दोन मुलं आणि एक कुत्रा असलेलं घर यांची गाडी. कंपनीला ही प्रतिमा मोडायची होती. त्यांनी टॉम वॉकिनशॉच्या टीडब्ल्यूआर या नामांकित रेसिंग संघाला हाताशी धरलं आणि ८५० हे मॉडेल ट्रॅकवर आणायचं ठरवलं. ८५० ची साधी सेडानही मिळत होती. तरी त्यांनी निवडली वॅगन.

नियमात कुठेही ‘वॅगन चालणार नाही’ असं लिहिलं नव्हतं. कुणाला तसं लिहायची गरजच वाटली नव्हती.

प्रतिस्पर्ध्यांना आधी ही मस्करी वाटली. मग दोन लिटरच्या पाच सिलिंडर इंजिनचा वेगळाच सूर काढत दोन लांबलचक व्होल्वो थ्रक्सटनला हजर झाल्या. चालवायला स्वीडनचा रिकार्ड रिडेल आणि हॉलंडचा यान लॅमर्स. लॅमर्स म्हणजे १९८८ साली ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकलेला माणूस, आणि त्याच्या हाती वॅगन!

बाकीचे ड्रायव्हर टोमणे मारायचे. त्यावर व्होल्वोच्या संघाने एकदा शर्यतीआधीच्या फेरीत गाडीच्या मागच्या भागात भलं मोठं खेळण्यातलं कोली कुत्रं बसवलं. मागच्या काचेतून कुत्रं बाहेर बघतंय आणि गाडी ट्रॅकवर फेरी मारतेय. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या एका फोटोने व्होल्वोला जेवढी प्रसिद्धी दिली तेवढी कदाचित दोन-चार विजयांनीही दिली नसती.

वॅगन अगदीच मंद नव्हती. लांब छपरामुळे मागची हवा जरा शांतपणे सुटायची, तो थोडा फायदाही होता. पण मागे वर लटकणारा काचेचा आणि पत्र्याचा भार वळणावर त्रास द्यायचा. सर्वोत्तम निकाल पाचवा. सीझनअखेर रिडेल चौदावा आणि लॅमर्स पंधरावा.

आणि इथे दोन्ही गोष्टी एकमेकींना येऊन मिळतात. अल्फाच्या वादामुळे १९९५ पासून पंख सगळ्यांना खुला झाला, पण तो छपरापेक्षा उंच नसावा अशी मर्यादा आली. सेडानचं छप्पर मागे उतरतं, त्यामुळे डिकीवरच्या पंखाला हवा मिळते. वॅगनचं छप्पर शेवटपर्यंत सरळच. तिथे पंख लावायचा कुठे? छपराच्या वर लावता येत नाही आणि छपराच्या मागे हवा मिळत नाही. वॅगनवर कुणी बंदी घातली नाही, तरी ती बाद झाली. पुढच्या वर्षी व्होल्वोने मुकाट्याने सेडान आणली. रिडेल लगेच शर्यती जिंकू लागला, सीझनअखेर तिसरा आला आणि १९९८ मध्ये व्होल्वो एस४० चालवत चॅम्पियनही झाला.

पंख सगळ्यांना मिळाल्यावर

अल्फाचं काय झालं? १९९५ मध्ये सगळ्यांकडे पंख होते आणि अल्फाकडे वेगळं असं काहीच उरलं नाही. संघ पार मागे पडला आणि वर्षअखेर ब्रिटनमधून बाहेर पडला. त्या वर्षीचं विजेतेपद व्हॉक्सहॉलच्या क्लिलंडने नेलं.

पण खर्चाचं दार एकदा उघडलं ते उघडलंच. आता नुसतं चांगलं इंजिन आणि चांगला ड्रायव्हर पुरेना. हवेच्या बोगद्यात चाचण्या, दरवर्षी नवे बंपर, नवे पंख, त्यासाठी वेगळे इंजिनिअर. शोरूममधली गाडी आणि ट्रॅकवरची गाडी यांच्यातलं अंतर वाढत गेलं. शर्यती अजूनही बघण्यासारख्या व्हायच्या, या काळाच्या आठवणी काढणारे चाहते आजही कमी नाहीत. पण कंपन्यांच्या खजिनदारांना वेगळंच दिसत होतं. एकेक जण निघत गेला. २००० साली कारखान्याच्या पाठबळाने उतरलेल्या कंपन्या उरल्या तीनच, फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल. त्या वर्षी मेन्यू फोर्डमधून जिंकला आणि २००१ पासून स्वस्त गाड्यांचे नवे नियम आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

टार्क्विनीने मात्र टूरिंग कार सोडली नाही. २००३ मध्ये तो अल्फातूनच युरोपियन चॅम्पियन झाला. २००९ मध्ये, ४७ व्या वर्षी, सेआट गाडीतून जागतिक विजेता झाला. २०१८ मध्ये ह्युंदाईतून जागतिक टूरिंग कार कप जिंकला तेव्हा तो ५६ वर्षांचा होता.